खिशातली पोच

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमधला एक गाळा. दुपारचे तीन वाजलेले, दोन टेबलं, घरघरणारा पंखा, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून तसंच. एका तरुण मुलाने शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला. पोच होती. तामिळनाडूतल्या होसूरच्या कंपनीत माल उतरल्यावर तिथल्या स्टोअरवाल्याने बिल्टीच्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावतीच्या, गुलाबी प्रतीवर सही-शिक्का करून दिलेली. ट्रान्सपोर्टच्या मुनशींनी घड्या उलगडल्या, कागद ट्यूबलाइटसमोर धरला, होत्या तशाच पुन्हा चार घड्या घातल्या आणि मुलाकडे सरकवला. "शिक्का वाचता येत नाही." शिक्का होता. पण होसूरपासून निगडीपर्यंत तो कागद छातीवर घामात भिजत आला होता आणि जांभळ्या शाईचा आता नुसता ढग उरला होता. मुलगा म्हणाला, "सही आहे की." मुनशी शांतपणे म्हणाले, "आहे. पण कुणाची? गोल शिक्का दिसल्याशिवाय कंपनी माझं बिल पास करत नाही, तुझं मी कुठून करू?"

मुलाच्या भाड्यातल्या बाकीचे ११,२०० रुपये त्या ढगात अडकले.

मुनशी काही खोटं बोलत नव्हते, त्यामुळे राग कुणावर धरावा हेही कळेना. बाहेर मुलाची गाडी उभी होती. जुनीच घेतलेली बाराचाकी, पण बंपरवर ताजं कुंकू, आरशांना काळे गोंडे, केबिनच्या काचेवर आईवडिलांचं नाव चिकटवून चार दिवस झाले नसावेत. गाडी घेताना माणूस काय काय बघतो! चेसीला वेल्डिंग आहे का, सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर धूर कुठल्या रंगाचा, डिफरन्शियल आवाज करतं का, टायर रिमोल्ड आहेत की मूळचे. ओळखीचा मिस्त्री घेऊन दोनदा जातो, तिसऱ्यांदा वडिलांना नेतो. आणि ही गाडी लावायची कुणाकडे, हे मात्र चहा पिता पिता एका फोनवर ठरतं. फोनवर एकच प्रश्न असतो: रेट काय? वर्षानुवर्षं दुसऱ्याची गाडी चालवलेला माणूसही मालक झाल्यावर हेच करतो, कारण ड्रायव्हर असताना त्याचा संबंध फक्त भत्त्याशी आणि डिझेलशी होता. बाकी मालकाची होती, आणि मालक ती कशी वसूल करतो हे केबिनमधून दिसत नव्हतं.

होसूरचाच हिशोब मांडू. आकडे धरून चाललेले आहेत, हंगामाप्रमाणे वरखाली होणारच. चाकणहून होसूर साधारण ९०० किलोमीटर. गाडीसकट पस्तीस टनांच्या बाराचाकीला भाडं ५६,००० आणि ॲडव्हान्स ऐंशी टक्के, म्हणजे हातात ४४,८००. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर चालली तर २२५ लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने २०,२५०. टोलचे सहा हजार धरा. गाडी बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांतली असेल तर धूर साफ करायला वीस लिटर डिझेलमागे साधारण एक लिटर युरियाचं द्रावण लागतं, त्याचे फेरीला सातशे. जेवण, क्लीनर, पार्किंग मिळून दोन हजार. ताडपत्री-रस्सा, भरताना-उतरवताना हाताला लागतील ते दीड हजार. एकूण ३०,४५०. फेरीमागे २५,५५० सुटतात, पण त्यातले ११,२०० पोच दाखवल्यावर मिळणार. महिन्याला सहा फेऱ्या आणि बाकी तीस दिवसांनी, म्हणजे कुठल्याही दिवशी ६७,२०० रुपये ट्रान्सपोर्टच्या गल्ल्यात पडून. गाडीचा हप्ता पंचाहत्तर हजारांचा असेल तर जवळजवळ एक हप्ता कायमचा दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला.

आता शेजारच्या गाळ्यात दुसरे मुनशी म्हणतात, मी सत्तावन्न देतो. हजार जास्त. फक्त ॲडव्हान्स सत्तर टक्के आणि बाकी साठ दिवसांनी. फेरीमागे १७,१०० अडकले, साठ दिवसांत बारा फेऱ्या, म्हणजे २,०५,२०० रुपये. जास्तीच्या अडकलेल्या रकमेवर दरमहा शेकडा दोनने व्याज धरलं तरी महिन्याला अडीच-तीन हजार होतं आणि वाढीव भाड्याचे सहा हजार मिळतात, म्हणून कागदावर दुसराच सौदा फायद्याचा दिसतो. अनेक जण इथवर हिशोब करतात आणि बरोबर करतात. चूक होते ती पुढे. दोन लाख अडकल्यावर या माणसाला सोडून जाता येत नाही. तो म्हणाला आज गुवाहाटी, की गुवाहाटी. तो म्हणाला परतीला रिकामा ये, की रिकामं यायचं. तोंड वर केलं की मागची बाकी आणखी पंधरा दिवस लांबते, आणि कधी लांबली हे कुणी सांगतही नाही, नुसता फोन उचलला जात नाही. गोठ्यातल्या दाव्याला लांबी असते तेवढ्या लांबीत जनावर फिरतं. अडकलेली बाकी हे तसलंच दावं आहे. नव्या माणसाने भाडं ठरवण्याआधी या दाव्याची लांबी विचारावी.

तरी बाकीपेक्षा महाग गोष्ट वेगळीच आहे, आणि आपल्या भाषेत तिला अगदी नेमका शब्द आहे: खोटी.

गाडी खोटी झाली म्हणजे बिघडली नाही, नुसती उभी राहिली. वरच्या हिशोबात एक फेरी पाच दिवसांत बसवली आहे. उतरवायला दोन दिवस जास्त लागले तर सात दिवस होतात, महिन्याच्या सहा फेऱ्यांच्या चार होतात, आणि सरळ ५१,००० रुपये जातात. हजार रुपयांच्या वाढीव भाड्यासाठी भांडणारा माणूस इथे पन्नास हजार गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली झोपून घालवतो. बोलताना सगळेच ट्रान्सपोर्टवाले म्हणतात की चोवीस तासांनंतर हॉल्टिंग, म्हणजे उभं राहण्याचे पैसे, मिळेल. मिळतं कुणाला? ज्याच्या कागदावर गाडी गेटला लागल्याची वेळ आहे त्याला. गेटवरचा वॉचमन वहीत वेळ लिहितो, पण बिल्टीवर लिहायला कंटाळतो. तिथे दहा मिनिटं गोड बोलून बिल्टीच्या मागे तारीख, वेळ आणि गेटचा शिक्का घ्यायचा, त्याचा फोटो तिथूनच ट्रान्सपोर्टच्या नंबरवर टाकायचा. दोन दिवसांनी फोन करून "मी परवापासून उभा आहे" म्हणण्याला काही किंमत नाही. म्हणूनच ट्रान्सपोर्ट निवडताना त्याच्याकडे माल कुठल्या कंपन्यांचा आहे हे विचारणं भाड्याइतकंच महत्त्वाचं. काही गेटं बदनाम असतात. तिथे गाडी गुरुवारी लागली की सोमवारी सुटते. कुठली ते कार्यालयात कळत नाही, पार्किंगमध्ये कळतं.

पार्किंगमध्ये सगळंच कळतं, फक्त वेळ बरोबर हवी. संध्याकाळी सातनंतर, स्टोव्हवर भात शिजत असताना, रॉकेल आणि फोडणीचा एकत्र वास येत असतो, कुणी टायर ठोकून हवा बघत असतो, तेव्हा त्याच ट्रान्सपोर्टचा माल भरलेल्या तीन-चार ड्रायव्हरांशी बोलावं. "पैसे देतो का?" असं विचारलं तर सगळे "देतो" म्हणतात. विचारायचं असं: मागच्या फेरीची बाकी कुठल्या तारखेला आली? दिवाळीच्या आधीची दिवाळीआधी मिळाली का? शेवटची कपात कशाची झाली, किती? पोचेचा फोटो चालतो की कुरिअरने मूळ कागदच लागतो, आणि तीस दिवस कधीपासून मोजतात, माल उतरल्यापासून की कागद पोचल्यापासून? या शेवटच्या प्रश्नातच आठवडा जातो. आणखी एक परीक्षा स्वतः घ्यायची. रात्री साडेअकराला त्या ट्रान्सपोर्टला फोन करायचा. कारण ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, ९०० किलोमीटरला पाच दिवस. वाटेत क्लचप्लेट गेली आणि मुदत संपत आली तर ती वाढवायला संपण्याच्या आधीचे आठ आणि नंतरचे आठच तास मिळतात. ते काम आपल्या हातात नसतं, बिल्टी काढणाऱ्याच्या हातात असतं. तो झोपला असेल तर पहाटे तपासणीपथक गाडी बाजूला घेतं, आणि माल ज्याचा तो आरामात घरी असतो.

मग कोणत्या जातीच्या ट्रान्सपोर्टकडे जावं? दलालाकडे स्वातंत्र्य जास्त, आज इथे उद्या तिथे, कमिशन देऊन मोकळं. पण दलाल फक्त दोन माणसांची गाठ घालून देतो, बाकी बुडाली की हात वर करतो. कंपन्यांचे वर्षभराचे करार असलेले मोठे ट्रान्सपोर्टवाले गाडी अटॅच करून घेतात. तिथे माल नियमित मिळतो, पण एक गोष्ट बघायचीच: त्यांच्या स्वतःच्या गाड्या किती? पन्नास स्वतःच्या आणि दहा लावलेल्या असतील तर चांगली लाइन, जवळचं उतरणं, परतीचा भरवशाचा माल आधी घरच्या गाड्यांना जातो. उरलं-सुरलं, घाटाचं, पावसाचं, रिकामं परत येण्याचं ते लावलेल्या गाडीच्या नशिबी. याउलट ज्याची स्वतःची गाडी एकही नाही त्याला आपली गरज खरी असते. ॲपवरचा माल मधल्या मोकळ्या दिवसांसाठी ठीक आहे, सुरुवातीचं घर त्यावर चालवू नये. आणि जालन्याची सळई असो की लासलगावचा कांदा, मालाची जात बघून ट्रान्सपोर्ट निवडावा हेही कुणी फारसं सांगत नाही. कांदा रात्री पोचला नाही तर सकाळच्या लिलावात त्याचा भाव आपल्या बाकीतून जातो. सळई थांबू शकते, पण ती वजनावर भांडते.

वजनाचं भांडण बारकाईने समजून घेण्यासारखं आहे. भरताना काट्यावर भरलेली गाडी तोलली तेव्हा डिझेलची टाकी भरलेली. उतरवताना काट्यावर उभी राहिली तेव्हा टाकीतलं दीडशे लिटर संपलेलं. डिझेल लिटरला पाऊण किलोपेक्षा थोडं जड, म्हणजे सव्वाशे किलोंच्या आसपास वजन रस्त्यात आपोआप घटलं. समोरचा फक्त भरलेल्या गाडीचं वजन बघून "माल कमी" लिहितो आणि नव्या मुलाला वाटतं आपल्यावर चोरीचा आळ आला. उपाय सोपा आहे: दोन्ही ठिकाणी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं करायची, चारही काटापावत्या जपायच्या आणि पोचेवर "घट" असा शेरा लिहिण्याआधी स्टोअरवाल्यासमोर वजाबाकी करून दाखवायची. एकदा शेरा पडला की तो पुसला जात नाही. चांगला ट्रान्सपोर्टवाला अशा वेळी स्वतः कंपनीशी बोलतो. वाईट ट्रान्सपोर्टवाला दुप्पट कापतो, एकदा कंपनीच्या नावाने आणि एकदा स्वतःच्या.

ओव्हरलोडचंही तसंच. "तीस टन टाक, सगळेच टाकतात" असं पहिल्याच दिवशी म्हणणाऱ्याकडून मुकाट्याने निघावं. १ सप्टेंबर २०१९पासून दंड सरळ २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. पाच टन जादा म्हणजे ३०,०००. त्या पाच टनांचं भाडं बारा हजारही होत नाही. दंडाची पावती निघते गाडीच्या नंबरवर, "सगळेच टाकतात" म्हणणाऱ्याच्या नावावर निघत नाही.

कागदांच्या बाबतीत नवा मालक एकतर फार घाबरतो, नाहीतर अजिबात बघत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला २००७च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र बघायला मागण्यात काही उद्धटपणा नाही, आणि ते नसेल तर बिल्टीच्या कागदाला किती अर्थ उरतो हे आपलं आपण समजावं. बिल्टी काढणाऱ्या ट्रान्सपोर्टला गाडी भाड्याने देणाऱ्यावर जीएसटी नाही, म्हणून "जीएसटी नंबर नाही तर कापून देतो" म्हणणाऱ्याला ठाम नाही म्हणता येतं. दहा किंवा कमी मालगाड्या असलेल्याने पॅन लिहून तसं घोषणापत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. मूळ आरसी आणि कोरे चेक कुणाच्याही कपाटात ठेवायचे नाहीत, झेरॉक्सवर काम चालतं. गाडीवर त्यांचं नाव रंगवायला सांगितलं तर रंगाचा खर्च कोण करणार आणि काम सुटल्यावर तो पुसायचा कुणी, हेही तेव्हाच बोलून घ्यावं. ॲडव्हान्सचा भाग ठरावीक पंपाच्या डिझेल पावतीने मिळणार असेल तर त्या पंपावर एकदा टाकी काठोकाठ भरून आणि लिटर मोजून बघावं. आणि उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी फुकटात होते, ती पहिल्या फेरीआधी करावी. मग लेखी करार असला तरी बाकी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. मागता येतं म्हणजे मिळतं असं नाही, तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी माल कोण देणार! तरी खिशात असलेलं बरं.

अमेरिकेत स्वतःचा ट्रक घेऊन कुणा कंपनीखाली चालवणाऱ्यांसाठी सरकारी नियमच आहे: करार लेखी हवा, कशाकशाची कपात होणार ते त्यात लिहिलेलं हवं, पोचेचे कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे हवेत, आणि भाडं टक्केवारीवर असेल तर मालवाल्याला लावलेल्या बिलाची प्रतही ट्रकवाल्याला दाखवायला हवी. ही शेवटची अट आपल्या ट्रान्सपोर्टनगरात नुसती मोठ्याने वाचून दाखवली तरी दोन मिनिटं चहा थांबेल. इथे मालवाला किती देतो आणि गाडीपर्यंत किती पोचतं, हे अंतर म्हणजेच धंदा. तिथेही लोक फसतात म्हणा, पण निदान कशात फसलो ते कागदावर वाचता येतं.

इथे सगळं तोंडी. तोंडी व्यवहाराला एक ऊब असते हेही खरं. रात्री दोनला खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडली की याच मुनशींच्या एका फोनवर मिस्त्री येतो, पैसे नंतर. मुलीच्या लग्नाला न मागता पन्नास हजार काढून देणारेही ट्रान्सपोर्टवाले आहेत, आणि त्यांच्याकडे बाकी दोन महिने अडकली तरी गाडीवाले हलत नाहीत. हा हिशोब लिटर-किलोमीटरमध्ये मांडता येत नाही. नवा माणूस इथेच गोंधळतो, कारण पहिल्या भेटीत दोन्ही प्रकारचे मुनशी सारखाच चहा पाजतात, "आपलीच गाडी समज" हेही सारख्याच आवाजात म्हणतात. म्हणून पहिल्या तीन फेऱ्या तीन वेगळ्या ठिकाणी कराव्यात आणि कुणाचीच दुसरी फेरी पहिलीची बाकी आल्याशिवाय भरू नये. तीन फेऱ्यांत थोडं नुकसान होतं. पण कोण किती दिवसांनी, न मागता की सातव्या फोनला, पूर्ण की कापून देतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

निगडीच्या त्या गाळ्यात मुलगा कागद हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याने होसूरला फोन लावला, स्टोअरवाला म्हणाला नवी प्रत काढून पाठवा, शिक्का मारतो. मुनशींनी रजिस्टर चाळलं आणि वर न बघता म्हणाले, "उद्या सकाळी होसूरचीच गाडी भरायची आहे. त्याच कंपनीत. तू जातोस तर जा, हाच कागद घेऊन जा, शिक्का ताजा मारून आण. दोन्ही बाकी एकदम देऊन टाकतो." मुलाने भाडं विचारलं. "या वेळी पंचावन्न. शिक्क्यासाठी तुला तसं जायचंच होतं ना?" बाहेर कुणीतरी ताडपत्री झटकली, धूळ दारातून आत आली. मुलाने गाडीकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"किती वाजता लावू?" त्याने विचारलं, आणि पोचेच्या पुन्हा चार घड्या घालून ती खिशात ठेवली.